एक तुकडा जास्त

१

बसचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यात फोरमननं छत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाला तरी नाव सुटलं नाही. गल्लीत तो फोरमनच राहिला, आणि शेजारणी त्याच्या बायकोला मागे ‘फोरमनची फोरमन’ म्हणत. ते खोटं नव्हतं.

निरोपाला कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यानं बायकोला दिलं आणि स्वतःला करवत आणली. साधी नव्हे, नक्षीची. टेबलाएवढं मशीन, त्यात दोऱ्याएवढं पातं उभं ताणलेलं. पायाखालचं बटण दाबलं की ते शिवणयंत्राच्या सुईसारखं वरखाली नाचतं. इथे पातं फिरवायचं नसतं, लाकूड फिरवायचं असतं. ज्याच्या हाताला धीर आहे त्यानं हे काम करावं, बाकीच्यांनी भाजी चिरावी, असं फोरमनचं मत होतं.

आधी त्यानं हौसेखातर हत्ती कापले, हरणं कापली. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा बायको म्हणाली, “एक तर हे हत्ती राहतील, नाही तर मी.” मग सुनेनं डोकं लढवलं. तुम्ही फोटो पाठवा, आम्ही तो प्लायवर चिकटवून त्याचे तुकडे करून देतो, तुम्ही घरी बसून जोडा. तिनं मोबाइलवर जाहिरात टाकली आणि कामं यायला लागली. स्वतःच्या धडधाकट फोटोचे तुकडे करून घ्यायची माणसांना एवढी हौस असते, हे फोरमनला साठीनंतर कळलं.

त्याची रीत ठरलेली. तुकडा सुटला की उलटा करायचा, कानावरची चपटी लाल पेन्सिल काढायची, पाठीवर आकडा टाकायचा, ताटात ठेवायचा. एक, दोन, तीन. शेवटचा आकडा हीच मोजदाद. चूक व्हायला जागाच नव्हती.

तरी एकदा झाली. एका गिऱ्हाइकाला एक तुकडा कमी गेला. तो फोरमनच्या पँटच्या दुमडीत सापडला, पण तोवर गिऱ्हाइकानं सुनेला फोनवर यथास्थित सुनावलं होतं.

मुलगा विमा कंपनीत होता. जगात काहीही दाखवा, त्याला आधी त्या वस्तूनं मोडणारा हात दिसे.

“बाबा, तुमचा हात थरथरतो. जेवताना बघितलंय मी.”

“चमचा थरथरतो.”

“चमचा?”

“हलका आहे. हल्ली चमचेसुद्धा धड करत नाहीत.”

“उद्या बोट गेलं म्हणजे काय सांगाल, बोट हलकं होतं?” मुलानं हात जोडले. “आणखी एक चूक, बाबा. एकच. मग मशीन विकायचं.”

“चूक झाली तर वीक,” फोरमन म्हणाला आणि उजव्या हातावर डावा हात ठेवला. हात थरथरत होता हे त्याला मुलाच्या आधीपासून माहीत होतं. पण करवत गेली की सकाळ ते संध्याकाळ बसून त्या घड्याळाकडे बघायचं, हेही माहीत होतं.

२

दातांच्या डॉक्टरनं पाणघोडा पाठवला. आ वासलेला, साठ तुकड्यांत. दवाखान्यात आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांना उद्योग म्हणून.

फोरमन दुपारी बसला. मुलगा-सून कामावर, घरात दोघंच. मागच्या खोलीत एक खिडकी. तिच्याकडे तोंड करून मशीन. पाठीमागे दार, आणि दाराच्या डाव्या हाताला जुनं लोखंडी कपाट. काम झकास चाललं. हात अजिबात हलला नाही. खांद्यावर टॉवेल पडलाय असं मध्येच वाटलं, म्हणून त्यानं तो काढायला हात नेला. टॉवेल नव्हता.

साठावा तुकडा सुटला. आकडा टाकायला त्यानं कानावर हात नेला. पेन्सिल नव्हती.

“अगं ए, माझी पेन्सिल घेतलीस का?”

“मला काय करायचीय तुमची पेन्सिल?” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “मी तोंडानं हिशोब करते.”

त्यानं दुसरी पेन्सिल घेतली, साठ लिहिलं आणि चौकटीत पाणघोडा जोडून बघितला. शेपटीपासून दाढांपर्यंत सगळा भरला. कुठे केसाएवढी फट नाही.

ताटात एक तुकडा शिल्लक होता.

फोरमननं तो उलटा केला. पाठीवर एकसष्ट लिहिलं होतं. अक्षर त्याचंच. एकाला टोपी घालायची त्याची जुनी खोड, तीसुद्धा होती.

कमी पडला असता तर त्याला समजलं असतं. लाकूड हरवतं, फुटतं, पँटच्या दुमडीत जातं. जास्त कुठून येईल? फूट बाय दीड फुटाच्या फळीतून फूट बाय दीड फूटच निघणार. उलट पात्याच्या वाटेचा भुसा वजा. छत्तीस वर्षांत एका बसमधून सव्वा बस निघालेली त्यानं पाहिली नव्हती.

सरळ बाजूला चिकटवलेल्या कागदावर करडा रंग होता आणि एक पितळी स्क्रू. पाणघोड्याला स्क्रू नसतो.

मागच्या कामाचा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मागच्या कामात दोन मांजरी होत्या. त्यांनाही नसतो. त्यानं तुकडा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

३

मग ते दर कामाला व्हायला लागलं.

नवराबायकोचा फोटो, ऐंशी तुकडे. एक्याऐंशीव्यावर निळ्या चौकड्यांचं कापड. जगाचा नकाशा, शंभर तुकडे. एकशे एकाव्यावर गुळगुळीत, चकचकीत, अंड्याच्या टोकासारखं काहीतरी. फोरमन प्रत्येक वेळी मोजे, पुन्हा मोजे, मग चष्मा पुसून मोजे. जास्तीचा तुकडा डब्यात जाई.

सांगायचं कुणाला? मुलाला सांगावं तर तो म्हणणार, आता आकडेही चुकतात. आणि रविवारी मशीन विकायला काढणार. सुनेला सांगावं तर ती गोड आवाजात म्हणणार, “बाबा, आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या का?” म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फोरमन गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि खरं सांगायचं तर दुसरीही गोष्ट होती. जेवताना चमचा पहिल्यासारखाच वाजे. पण मशीनवर बसलं, खांद्यावर तो नसलेला टॉवेल पडला, की हात दगडासारखा स्थिर. पोरसवदा कारागिराला जमणार नाहीत अशी वळणं तो घेत होता. पाच-सहा कामांनंतर त्यानं टॉवेल काढायला हात नेणं सोडून दिलं.

४

“अहो, इकडे या जरा,” बायकोनं एका दुपारी हाक मारली. “आणि तोंड असं करून येऊ नका.”

“कसं?”

“आत्ता आहे तसं.”

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात बिस्किटांचा डबा, उघडा. तिला बिस्किटं हवी होती, मिळालं हे. हातासरशी तिनं तुकडे जोडून टाकले होते. तुकडे अकरा होते आणि प्रत्येक दुसऱ्यात चपखल बसला होता.

“आपल्या मागच्या खोलीचा फोटो कधी काढलात? छान आलाय. मला वाटलं, डब्यात बिस्किटं आहेत.”

फोरमननं चष्मा लावला.

मागचीच खोली होती. दारातून दिसते तशी. समोर खिडकी, मशीन, मशीनवर निळ्या चौकड्यांच्या शर्टातला माणूस पाठमोरा वाकलेला. डावीकडे करडं कपाट, त्याच्या मुठीचा पितळी स्क्रू. आणि माणसाच्या डोक्यावर मधोमध ते अंडं.

“हे काय आहे?” त्यानं बोट ठेवलं.

“टक्कल.”

“कुणाचं?”

“माझं!” बायको म्हणाली. “तुमचं, दुसऱ्या कुणाचं?”

“एवढं?”

“दहा वर्षं सांगतेय. तुम्हाला वाटायचं मी चिडवते.”

फोरमन थोडा वेळ टकलाकडेच बघत राहिला. त्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. बायकोनं दुसरीकडे बोट दाखवेपर्यंत त्याचं बाकी कशाकडे लक्ष गेलं नाही.

“एक तुकडा हरवलात मात्र. इथला.”

कपाट आणि पाठमोरा माणूस यांच्यामध्ये, माणसाच्या डोक्याहून वीतभर वर, एक भोक होतं. त्यातून टेबल दिसत होतं. भोकाच्या खाली मळकट बाही होती. बाही खाली उतरत माणसाच्या खांद्यापर्यंत आली होती, आणि खांद्यावर बोटं होती.

“मागे कोण उभं आहे?” बायकोनं विचारलं. “मुलगा का?”

“असेल,” फोरमन म्हणाला आणि बोटं मोजायला लागला. सवयच होती. अंगठा धरून मोजली. चष्मा पुसून मोजली.

सहा होती. इथेही एक जास्त.

५

“कपाट सरकवायचंय,” तो म्हणाला.

“का?”

“सरकवायचंय म्हणून.”

“फोटोत भूत दिसलं की काय?” बायको हसत म्हणाली. त्यानं कपाटाला हात घातला, तशी ती हसायची थांबली आणि पदराशी चाळा न करता सरळ कपाटाला खांदा लावला. ती तशीच होती; आधी कामाला लागायची, कारण नंतर विचारायची.

दोघांनी मिळून कपाट हातभर पुढे ओढलं. कपाटावर साचून बसलेला सगळा भुसा हवेत उडाला आणि दोघं शिंकत राहिली. मग धुरळा खाली बसला.

कपाटामागे भुशाचा बोटभर थर होता. इतक्या वर्षांचा, मऊ, कुणी हात न लावलेला. त्याच्या मधोमध दोन जागा तेवढ्या स्वच्छ होत्या. शेजारी शेजारी, लांबट. चालत गेल्याचे ठसे नव्हेत. एखादा बराच काळ उभा असावा आणि आत्ता बाजूला झालेला असावा, असं काहीतरी. टाचा भिंतीला, टोकं मशीनकडे.

“इथे झाडतेस का तू?” फोरमननं विचारलं.

“हे कपाट हलवायला दोन माणसं लागतात,” बायको म्हणाली. “मी एकटी झाडू की कपाट धरू?”

दोघं त्या दोन जागांकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “तुमच्यापेक्षा पाय मोठे दिसतात.”

“ओढ,” फोरमन म्हणाला. कपाट परत भिंतीला लागलं. मुलाला यातलं काही सांगायचं नाही, हे दोघांत न बोलता ठरलं.

६

नेमका त्याच आठवड्यात मुलगा काम घेऊन आला.

“आमचे साहेब निवृत्त होताहेत. ऑफिसचा सगळ्यांचा फोटो आहे. साठ तुकडे करा. बाबा, हे माझ्या नावावर आहे. तुकडे मी स्वतः मोजणार, डबा मी स्वतः बंद करणार. यात चूक झाली तर...”

“माहीत आहे.”

फोरमन रात्रंदिवस एवढाच विचार करत होता: बारावा तुकडा यायचा आहे. आला, की बायको तो भोकात बसवणार. चित्राला भोक ठेवून झोपणारी ती बाई नव्हती. आणि बसला, की वर काय आहे ते दिसणार. काम नाकारावं तर मशीन गेलं. काम करावं तर साठाचे एकसष्ट, मुलाच्या डोळ्यांदेखत, आणि मशीन गेलंच.

तिसऱ्या दिवशी दाढी करताना त्याला सुचलं. कारखान्यात असं सुचलं की तो दोन दिवस कुणाशी नीट बोलत नसे, इतका स्वतःवर खूश होई. साठ हवेत ना? मग एकोणसाठच कापायचे! जास्तीचा आपोआप येईल, मोजणी बरोबर साठ भरेल, आणि तो बारावा तुकडा साहेबांच्या डब्यात बंद होऊन या घरातून कायमचा जाईल. एका दगडात दोन पक्षी.

त्यानं दोन शिपाई एकाच तुकड्यात घेतले आणि बरोबर एकोणसाठ कापले. खांद्यावरचं वजन त्या दिवशी जरा जड होतं. काम संपल्यावर त्यानं ताटाकडे न बघता वर फडकं टाकलं. बघायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

संध्याकाळी मुलानं मोजलं. “अठ्ठावन्न, एकोणसाठ... साठ.” पुन्हा मोजलं. “साठ. बाबा, बरोबर आहे.” त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. त्यानं डबा बंद केला, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि सकाळी घेऊन गेला.

त्या दुपारी फोरमन कधी नव्हे तो जेवून झोपला. उठला तर बायको टेबलाशी बसून त्या भोकाकडे बघत होती.

“सापडेल,” ती म्हणाली. “घरातली वस्तू जाणार कुठे?”

७

साहेब प्रामाणिक निघाले. फोरमनच्या हिशोबात ती एक गोष्ट धरायची राहिली होती.

दहा दिवसांनी मुलगा पाकीट घेऊन आला. पाकिटावर कंपनीची छत्री छापलेली. सून मागे उभी, बायको टेबलाशी.

“साहेबांनी जोडलं,” मुलगा म्हणाला. “म्हणाले, चित्र पूर्ण झालं आणि एक तुकडा उरला. तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या कामाचा असेल, त्यांची अडचण होईल, म्हणून परत पाठवला.”

फोरमन उभा राहिला. आता बोललं की सुटका होती. हो, चुकलो. वीक मशीन. चार शब्द. मशीन जाईल, खोली रिकामी होईल, कपाटाला कुलूप लावता येईल. त्यानं तोंड उघडलं. छत्तीस वर्षांत ‘चुकलो’ हा शब्द त्यानं इतरांकडून पुष्कळ ऐकला होता. स्वतःच्या तोंडून तो कसा काढतात, हे आता ऐन वेळी कोण शिकवणार?

“कमी नव्हता ना?” तो म्हणाला.

मुलगा विचारात पडला. विमा कंपनीचा माणूस तो. त्यानं प्रश्न सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. “नाही,” तो शेवटी म्हणाला. “कमी नव्हता. जास्त मिळालं म्हणून आजवर कुणी भरपाई मागितलेली नाही. याला चूक नाही म्हणता येत.” मग त्यानं वडिलांचा हात हातात घेतला. असं तो कधी करत नसे. “साहेब म्हणाले, इतकी सरळ कापणी जन्मात पाहिली नाही. वडिलांचा हात अजून कसा स्थिर आहे, विचारत होते. आणखी पाच कामं दिलीत त्यांनी. राहू द्या मशीन, बाबा.”

“दे तो इकडे,” बायको म्हणाली आणि पाकीट फाडलं.

“थांब—”

खट्ट. तुकडा बसला. फोरमन खिडकीकडे बघत राहिला.

“कोण आहे?” सुनेनं वाकून विचारलं.

“तोंड नाही दिसत,” बायको म्हणाली. “तुमच्याच कामाकडे बघतोय वाटतं वाकून. कान तेवढा आलाय.” ती थांबली. मग हळू आवाजात फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “अहो, कानावर तुमची पेन्सिल आहे.”

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा-सून कामावर गेले. घरात दोघंच. फोरमन मागच्या खोलीत जाऊन मशीनवर बसला. नवीन पातं ताणलं, प्लाय सरकवला. खांद्यावर वजन आलं. हात स्थिर झाला.

तीन वाजता बायको चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते.

“अगं, आपण दोघंच.”

तिनं ट्रेकडे पाहिलं. मग मोजलं. “खरंच की. कशी चुकले मी?”

फोरमननं कपांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. कप उचलला, बशी वाजली नाही.

“नाही चुकलीस,” तो म्हणाला. “एक ठेव तिकडे कपाटापाशी. मशीनवर नको, डाग पडतात.”

बायकोनं कप ठेवला आणि ती मागे न बघता, पण नेहमीपेक्षा जरा भरभर, बाहेर गेली. फोरमननं चहा संपवला. हातातला तुकडा सुटला होता. पाठीवर आकडा टाकायचा होता. त्यानं मान वळवली नाही. उजवा हात तेवढा खांद्यावरून मागे नेला आणि तळवा उघडा धरला, कारखान्यात पाना मागायला धरायचा तसा.

काही वेळ काही झालं नाही. मग तळव्यावर चपटी लाल पेन्सिल आली.

त्यानं ती समोर धरून पाहिली. मागचं टोक चावून चावून चोथा केलेलं होतं. कारखान्यात त्यानं एवढ्याच कारणावरून दोघांना दिवसभर बाहेर उभं केलं होतं.

“पेन्सिल चावायची नाही,” फोरमन म्हणाला, आणि बटणावर पाय दिला.